उशाकडचा हिरवा

कापडगिरणीत रंग जुळवण्याचं काम मी बावीस वर्षं करतोय. दोन हिरव्यांमधला केसाएवढा फरकही माझ्या नजरेतून सुटत नाही. डॉक्टर "आता घरीच न्या" म्हणाले, तेव्हा बायकोच्या खोलीला रंग काढायला मी रजा टाकली. तिच्यासाठी करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

रंगाऱ्याने खिडकीशेजारी दोन पट्टे ओढले. डावा पिवळसर हिरवा, उजवा निळसर.

"साहेब, दोन्ही एकच की," तो म्हणाला.

"डावा," ती पडल्या पडल्या म्हणाली. "कोवळा आहे. उजव्याकडे बघितलं की थंडी वाजते."

खोलीभर पिवळसर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराजवळचा कोपरा निळसर दिसला. मी डबे तपासले. सगळे पिवळसरच होते. रंगाऱ्याने पुन्हा हात मारला. दुपारपर्यंत दाराकडची सबंध भिंत निळसर झाली. ओल असेल म्हणून हात लावून बघितला. भिंत खडखडीत कोरडी होती.

मग मी रंगाच्या कडेला पेन्सिलने खुणा करू लागलो. कड रोज हातभर पलंगाकडे सरकत होती. पलंग ओढून मी पलीकडच्या भिंतीला लावला. संध्याकाळी कडही तिकडे वळली होती.

रंगाऱ्याने शिडी उचलली. "इथे माझा हात चालायचा नाही, साहेब. वहिनींना दुसऱ्या खोलीत न्या."

"कुठे कुठे नेणार मला?" तिने विचारलं.

मी उरलेल्या रंगाचा डबा उघडला.

शेवटी उशाशी वीतभर पिवळसर उरला. ती त्यावर तळवा ठेवून पडायची. मी ब्रश घेऊन तिच्या बोटांभोवती रंग लावत राहायचो. ब्रश उचलेपर्यंत तो निळसर पडलेला असायचा.

"पुरे आता," ती म्हणाली. "हात बघा तुमचे, किती गार पडलेत."

मंगळवारी दुपारी तिचा हात भिंतीवरून घसरला.

खाली निळसरच होता.

पंधरा दिवसांनी कामावर गेलो. चाचणीच्या खोलीतल्या पांढऱ्या भिंतीला टेकून चहा घेतला. उठलो, तसा शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "पाठीला रंग लागलाय तुमच्या."

शर्ट काढून दिव्याखाली धरला.

निळसर होता. अजून ओला.