उंबराखालचा झिरा

जीपमधून उतरल्यावर सामान मोजलं: पाच लिटरचे दोन कॅन, भरलेले, एक तंबू, त्याच्या आठपैकी सहाच खुंट्या, भाकऱ्या आणि ठेचा, लिटरच्या खुणा असलेली एक बादली. आणि माणसं तीन: मी, माझी वर्गमैत्रीण संजीवनी आणि जीप चालवणारा माझा चुलतभाऊ शाहरुख.

आम्हाला शिबिरासाठी मुक्कामाची जागा शोधायची होती. चिखलीच्या आमच्या कॉलेजचं निसर्गशिबिर दरवर्षी चिखलदऱ्याला जातं आणि दरवर्षी निम्म्या मुलींना घरून परवानगी मिळत नाही. पदवीची तिन्ही वर्षं मी मागेच राहिले. आता तिथंच पदवीच्या वर्गात माझी धाकटी बहीण यास्मीन आहे. अब्बांचं म्हणणं एवढंच, की वेळ पडली तर रातोरात जीपनं मुलीला घरी आणता आलं पाहिजे. रोहिणखेडच्या वरचा डोंगर त्यात बसत होता. शिबिर नेणाऱ्या मॅडमची अट वेगळी होती. वीस मुलींना दिवसाला शंभर लिटर पाणी जागेवरच मिळायला हवं. आज संध्याकाळपर्यंत आकडा कळवा, नाहीतर चिखलदरा पक्का.

एप्रिलचं ऊन डोक्यावर घेऊन चढायला लागलो. नकाशात तीन झरे होते. पहिला कोरडा! दुसऱ्यात रानडुकरांनी लोळून नुसता चिखल केलेला! त्यापुढे मुरमाची घसरण लागली. संजीवनीचा पाय सरकला, ती दहा हात खाली गेली आणि करवंदीच्या जाळीत अडकून थांबली. बाहेर काढली तेव्हा दोन्ही कोपरं सोलली होती आणि ती नकाशा काढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

वर मात्र सपाटी लागली. कडेनं मोहाची झाडं, मधे वाळल्या गवताचा सोनेरी पट्टा, खाली रोहिणखेडच्या मशिदीचा घुमट आणि दूरवर नळगंगेच्या धरणाचं चकाकणारं पाणी. दहा तंबू सहज मावले असते. शाहरुखला दम खायला तिथंच बसवून आम्ही दोघी तिसरा झरा शोधत बाजूच्या नाल्यात उतरलो. उंबराच्या सावलीत झिरा होता, म्हणजे वाळूत खणलेला, पाझरून भरणारा खड्डा. काठोकाठ भरलेला!

संजीवनीनं फोटो काढला. मी लगेच बादलीनं उपसायला लागले. साठलेलं पाणी बघून काही कळत नाही. खड्डा रिकामा केल्यावर तासाभरात किती भरतो, तीच खरी आवक. शेवटची बादली वाळूत ओतली आणि खाली आलेल्या शाहरुखकडे प्यायला पाणी मागितलं.

त्याचे दोन्ही कॅन रिकामे होते.

"झिरा काठोकाठ भरेल दिसला न वरून," तो म्हणाला. "मंग गरम पाणी काऊन वाह्यचं? ओतून देल्लं."

मी रिकाम्या खड्ड्याकडे बोट दाखवलं. संजीवनी मटकन खाली बसली.

"एक सायन्सवाली, एक डायवर," ती म्हणाली. "दोघायनं मिळून अख्खा डोंगर कोरडा केला!"

तासभर आम्ही खड्ड्यात बघत बसलो. साडेतीन लिटर जमलं. मोजलं, ओढणीतून गाळलं आणि तिघांनी पिऊन संपवलं. खात्रीसाठी आणखी एक तास थांबायचं ठरवलं.

सावल्या लांबल्या. वरच्या अंगाला वाळलेली पानं चुरचुरली. वळणावरून अस्वल आलं!

शाहरुखनं बडवायला बादली उचलली. मी त्याचं मनगट धरलं. दोन्ही बाजूंना उभे कडे; बिथरलं असतं तर आमच्याच अंगावर आलं असतं. अस्वलाकडे तोंड ठेवून आम्ही मागे सरकलो. एक पाऊल. आणखी एक. पाठीला खडक लागला. चढलो आणि श्वास रोखून बसलो.

अस्वलानं खड्ड्यात तोंड घातलं. फुर्र फुर्र आवाज करत तळाचं पाणी ओढलं. संपलं. मग ते नखांनी वाळू उपसायला लागलं, कडा ढासळली, आणखी वाळू आत पडली. मागच्या पायांवर उभं राहून त्यानं आमच्या दिशेनं हवा हुंगली. किती वेळ, ते मोजायचं मी विसरले. शेवटी वळून ते आल्या वाटेनं निघून गेलं.

आम्ही घाईनं सपाटीवर आलो. तिथं मोबाईलला रेंज आली. यास्मीनचा मेसेज आलेला होता: आपा, माझं नाव पहिलं लिही.

मी हिशोब करून दाखवला. शंभराला सोळा लिटर कमी पडत होते; म्हणजे चिखलदरा पक्का आणि यास्मीन घरी.

"शंभरच लिही न, आपा," शाहरुख म्हणाला. "भरेल झिऱ्याचा फोटो हाये. सोळा लिटर कोण पाह्यते?"

"अस्वल पाह्यते," संजीवनी म्हणाली.

खाली जीपपर्यंतची वाट अजून दिसत होती. मी मॅडमना लिहिलं: आवक ताशी साडेतीन लिटर, दिवसाला चौऱ्याऐंशी.