बारा कप्पे

सायमन तिवडे यांनी गिटारच्या खुंट्या पुन्हा एकदा पिळल्या, पायाखालचं पॅडल दाबलं आणि समोर बसलेल्या नातीकडे पाहिलं. तारांखाली बसवलेला अखंडगज सुरू झाला. हे नाव त्यांनीच ठेवलेलं. तार न छेडता नुसत्या चुंबकाने तिला थरथरत ठेवणारी ती एक पट्टी होती. पाय पॅडलवर असेपर्यंत सहाही तारा एकसारख्या घुमत राहत. चाचणीची ती लहानशी खोली घुमण्याने भरून गेली. सायमन नेहमीप्रमाणे मिटल्या ओठांनी खालच्या सुराच्या जाड्या तारेबरोबर गुणगुणू लागले. ही त्यांची जुनी खोड. त्यांना स्वतःला ती कळतही नसे.

रूथने मान डोलावली. काही क्षणांतच ती मान थांबली.

"आबा, थांबलात का?"

आबा थांबले नव्हते.

सहा वर्षांची रूथ जन्मापासून बहिरी होती. दोन वर्षांपूर्वी मिरजेच्या या श्रवणकेंद्रात डॉ. वैजयंती हेर्लेकर यांनी तिच्या कानामागे, कवटीच्या आत, श्रुतिरोप बसवलं. बाहेरच्या आवाजाचे विजेचे इशारे करून ते थेट श्रवणाच्या नसेला पोचवणारं हे यंत्र. रूथ बोलायला लागली, शाळेत जायला लागली, भांडायलाही लागली. फक्त आजोबांची गिटार तिला सुरू होताना ऐकू येई आणि लगेच नाहीशी होई.

डॉक्टरांनी त्याचं कारण पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डोक्यावर टोपी घातली की ती क्षणभर जाणवते, मग आपण तिला विसरतो. जे बदलत नाही त्याची दखल मेंदू घेत नाही. श्रुतिरोपातली गाळणी हेच काम करते. पंखा, फ्रिज, पाण्याची मोटर असले एकसारखे आवाज ती ओळखते आणि पुसून टाकते, म्हणून माणसाचं बोलणं स्वच्छ उरतं. एकदा गाळणी बंद करून पाहिली, तेव्हा पंख्याच्या घरघरीत रूथला आईचा एक शब्द सापडेना. ती डोकं धरून रडली. पुन्हा तो प्रयोग कोणी केला नाही.

सायमनना हे सगळं पटत होतं आणि म्हणूनच त्यांची चिडचिड होत होती. तंबोरे बनवणाऱ्या गल्लीत वाढलेला, चर्चमध्ये गिटार शिकलेला हा माणूस पुढे गाणी सोडून नुसत्या घुमत्या सुरांच्या मागे लागला होता. एक सूर तासभर धरायचा आणि त्याच्या पोटात काय काय दडलंय ते ऐकत बसायचं. शेजारी त्याला गिरणी म्हणत. आता त्यांची सगळी हयात नातीच्या यंत्राने पंख्याच्या आणि मोटरीच्या रांगेत बसवली होती.

त्यात वेळ कमी होता. साधारण सातव्या वर्षापर्यंत ज्या जातीचा आवाज मेंदूपर्यंत पोचत नाही, त्याची जागा मेंदू दुसऱ्या कामाला देऊन टाकतो. लांब धरलेला सूर म्हणजे काय, हे रूथला आत्ता कळलं नाही तर पुढे कधीच कळणार नव्हतं. तिला सात पूर्ण व्हायला थोडेच आठवडे राहिले होते. तिची आई म्हणे, बोलणं ऐकू येतंय की, पुरे झालं आता, बाबा. बाबांना ते पुरे वाटत नव्हतं.

गाळणी न बदलणारं पुसते ना, मग सूर बदलता ठेवू, या हिशेबाने त्यांनी गिटार नाना तऱ्हांनी लावून पाहिली. तारा सैल करून सगळ्या दोनच सुरांत आणल्या. मग सहाही तारा एकाच सुरात, पण एकमेकींपासून केसभर मागेपुढे लावल्या. अशा दोन तारा एकत्र वाजल्या की आवाजात हेलकावा येतो, तो मोठा होतो, लहान होतो, पुन्हा मोठा होतो. पण हा हेलकावाही ठरावीक चालीचा असतो. गाळणीने ती चाल शिकून घेतली आणि हेलकाव्यासकट सगळं पुसलं. मग त्यांनी तंबोऱ्यासारखा तारांखाली सुताचा दोरा सरकवला. आवाजाला धार आली, झणझण उठली. रूथ हसली. आणि तिने पुन्हा तेच विचारलं.

आजही तेच झालं, तेव्हा सायमननी गिटार मांडीवर आडवी टाकली.

"हे यंत्र ज्याने बनवलं ना, त्याला एकदा माझ्यासमोर बसवा."

"बसलेय की," कोपऱ्यातल्या संगणकाच्या पडद्यामागून हेर्लेकर म्हणाल्या. "गाळणी माझीच आहे."

सायमन ओशाळले. हेर्लेकर मात्र पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "सर, तुम्ही सगळ्या तारा फिरवता. खालची जाडी तार एकदाही फिरवली नाहीत."

"तो आधार आहे, मॅडम. बाकीच्या तारा त्याच्याशी जुळवायच्या. घर दुरुस्त करताना पाया कोण हलवतं का?"

"मग आपण पायामुळेच हरतोय."

हेर्लेकरांनी पडदा सायमनकडे वळवला. त्यावर मघाच्या वादनाची नोंद होती: बारा चौकोन, आणि त्यातले चारच उजळलेले. गाळणीला असे बारा कप्पे होते. एका कप्प्यात एक एकसारखा आवाज पकडला जातो आणि खोलीत जे सर्वांत मोठे असतील ते आधी. एरवी कुठल्याच घरात एका वेळी बाराच्यावर एकसारखे आवाज नसतात, म्हणून तेवढे कप्पे पुरतात. आता एका तारेतून मूळ सुराबरोबर वरचे उपस्वरही निघतात. पण सुरात लावलेल्या तारांचे उपस्वर एकमेकांवर येतात, एकाच बाकावर दाटीवाटीने बसलेल्या भावंडांसारखे. एक कप्पा खोलीतल्या एसीने घेतला होता आणि सहा तारा मिळून उरलेल्या तीन कप्प्यांत मावत होत्या.

"कप्पे भरून टाका," हेर्लेकर म्हणाल्या. "कुणाचंच कुणाशी जुळणार नाही अशा लावा. बारा भरले की तेराव्याला गाळणीत जागा नाही. तो रूथपर्यंत पोचेल. तुमच्या तारांचा एखादा तरी उपस्वर तिला मिळेल."

"म्हणजे मुद्दाम बेसूर लावू?"

"अगदी मुद्दाम."

हात ऐकत नव्हते. खुंटी फिरवता फिरवता बोटं आपोआप जुळत्या जागेवर येऊन थांबत आणि हेर्लेकर म्हणत, अजून पुढे. जाड्या तारेची खुंटी फिरवताना तर सायमननी डोळेच मिटून घेतले. पॅडल दाबलं तेव्हा जो आवाज उठला, त्याने त्यांचे दात शिवशिवले. विसाव्याला एक जागा नव्हती. आधार शोधता शोधता त्यांच्या घशातून जुनी गुणगुण निघाली. तिने तो कायमचा सूर धरला, जो आता सहांपैकी एकाही तारेत नव्हता.

पडद्यावर चौकोन भराभर उजळत गेले. बाराही भरले. तिघं थांबून राहिली.

"आबा, थांबलात का?" रूथने विचारलं.

सायमनचे खांदे खाली आले. सगळं वाया गेलं होतं. ते पाय उचलणार, तेवढ्यात रूथने भिंतीवरच्या एसीकडे बोट केलं.

"ती पेटी कुरकुरतेय."

तिने हे आजवर कधी म्हटलं नव्हतं. मग ती कपाळाला आठ्या घालून वळली, काही तरी शोधत आजोबांजवळ आली आणि तिने त्यांच्या गळ्यावर हात ठेवला.

"हे तुम्ही करताय?"

सायमननी गुणगुणतच डॉक्टरांकडे पाहिलं.

"तुमच्या तारांनी सगळे कप्पे अडवले," हेर्लेकर सावकाश म्हणाल्या. "उरलेले उपस्वर फार बारीक आहेत, ते तिला लागत नाहीत. त्यांच्यापेक्षा मोठा तुमचा आवाज होता. एसीसारखाच तोही सुटला."

"पण मी तर रोजच..."

"रोज तुम्ही खालच्या तारेच्या सुरात गुणगुणत होता, सर. त्या तारेबरोबर तुम्हीही पुसले जात होता."

रूथची बोटं गळ्यावरच होती. सायमननी पुन्हा सूर धरला. ती त्याच्याबरोबर हळूहळू डुलू लागली आणि या वेळी थांबली नाही. सायमनना राहवेना. गिटार खाली ठेवून ते उठले, तिला कडेवर घेतलं आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन तोच सूर मोठ्याने गुणगुणत खोलीभर फिरू लागले.

मागे तारा विरत गेल्या. पडद्यावरचे चौकोन एकेक करून विझले. मग त्यातले दोन पुन्हा उजळले, एक एसीचा आणि एक सायमनच्या सुराचा.

"आबा," रूथ म्हणाली, "थांबलात का?"

सायमन तिला घेऊन तसेच खुर्चीवर बसले आणि पायाने पॅडल चाचपू लागले.