‘फ्लीस’ची सोमवारची ऑर्डर

"बाई, तुम्ही आत्ता मला शिवी दिलीत का?"

फोनवर तो माझ्याशी बोलला ते पहिलं वाक्य हे. शिवी मी दिली नव्हती. मी फक्त विचारलं होतं, "किती फर्किन पाठवू?"

"नऊ गॅलनच्या पिंपाला फर्किन म्हणतात," मी म्हटलं. "आपण कोण? सग्डनबाई कुठे आहेत?"

"मावशी पाय मोडून घेऊन बसलीय. मी तिचा भाचा, क्लेम मिडग्ली. इतकी वर्षं जहाजावर काढली, कानांनी सगळं ऐकलंय... पण एवढ्या गोड आवाजात शिवी पहिल्यांदाच ऐकली, म्हणून विचारलं."

शेजारच्या टेबलावरच्या म्युरिएलनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी बहुतेक हसले होते. आमच्या खोलीत सोमवारी सकाळी कुणी हसत नसे.

आम्ही चौघीजणी हार्गिल ब्रुअरीच्या ऑर्डर खोलीत बसायचो. बेकडेलच्या आसपासचे, डोंगरावरचे, नदीकाठचे असे कितीतरी पब ब्रुअरीच्या मालकीचे होते. पब चालवणारा आमचा भाडेकरू. त्यानं आमचीच बिअर विकायची, दुसऱ्या कुणाची नाही. दर सोमवारी आम्ही एकेका पबला फोन करून आठवड्याची बिअर विचारायची, मंगळवारपासून ट्रक निघायचे. माझ्याकडे माळावरचे पब होते. त्यातला सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात लहान म्हणजे ‘फ्लीस’. सग्डनबाई फोन उचलून "नेहमीचंच, पोरी" म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या.

त्यांचा भाचा तसा नव्हता.

"नेहमीचं म्हणजे काय असतं?" त्यानं विचारलं.

"दोन फर्किन. कडवट बिअर एक, सौम्य एक."

"आणि तुमचं नाव?"

"ते ऑर्डरमध्ये येत नाही."

"मग तक्रार करायची झाली तर कुणाच्या नावानं करू?"

"ॲक्रॉइड," मी म्हटलं. "मिस थेल्मा ॲक्रॉइड." आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं — ‘मिस’ म्हणायची काही गरज नव्हती.

म्युरिएल दिवसभर मला "शिवी देणारी बाई" म्हणत राहिली.

पुढच्या सोमवारी मी माळावरच्या पबांचा क्रम बदलला. ‘फ्लीस’ शेवटी ठेवला. शेवटच्या फोननंतर लगेच दुसरा लावायचा नसतो ना... तेवढीच दोन मिनिटं जास्त. आमचे साहेब मिस्टर ब्रूक दारातून डोकावले की मी आवाज बदलायचे — "कडवट एक, सौम्य एक, बरोबर?" — आणि पलीकडून तो हळूच म्हणायचा, "साहेब आले वाटतं."

तो बोलायचा ते साधंच. माळावर धुकं किती उतरलंय. मावशी खुर्चीत बसून काठीनं त्याला हुकूम कसे सोडते. मेंढपाळ म्हातारे एका ग्लासावर सगळी संध्याकाळ कशी काढतात. मी त्याला ब्रुअरीच्या गोष्टी सांगायचे. राणी व्हिक्टोरियाच्या काळात जोसाया हार्गिल नावाच्या धान्यवाल्याला अंगणातल्या विहिरीचं पाणी चांगलं लागलं, म्हणून त्यानं उरलेल्या सातूची बिअर काढली. मग लोकांनी दुसऱ्याची बिअर पिऊ नये म्हणून पबच विकत घेत सुटला.

"हुशार माणूस," क्लेम म्हणाला. "आणि आता?"

"आता त्याचे पणतू आहेत. त्यांना घोड्यांच्या शर्यती आवडतात."

मग एका सोमवारी त्याचा आवाज वेगळाच लागला. "मिस ॲक्रॉइड, तुमची बिअर गढूळ आहे."

"आमची बिअर गढूळ नसते."

"ग्लासात बोट बुडवलं तर दिसत नाही."

"मग बोट बुडवू नका. पिंप बसू देता ना? इथून निघताना ती स्वच्छच असते!"

"म्हणजे मला काम येत नाही."

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलंत. गोड आवाजात म्हटलंत."

त्यानं ऑर्डर दिली आणि फोन ठेवला. धुकं नाही, मावशी नाही, काही नाही. मला आठवडाभर काही सुचेना. शनिवारी मी आईला सांगितलं, मैत्रिणीकडे चाललेय, आणि माळावर जाणारी बस पकडली.

बसनं मला फाट्यावर सोडलं तेव्हा पाऊस आडवा येत होता. छत्री पहिल्याच झोतात उलटली. दगडी कुंपणाशी एक माणूस अंगावर ताडपत्री घेऊन ढासळलेले दगड परत रचत होता. उंच, केस ओले, कान लाल.

"ऐका हो," मी ओरडले, "‘फ्लीस’ पब कुठून..."

त्यानं हातातला दगड तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.

"मिस ॲक्रॉइड," तो म्हणाला. विचारलं नाही — नुसतं म्हणाला.

आवाज ओळखीचा आणि चेहरा परका, हे फार विचित्र असतं. मला डोळे मिटून बोलावंसं वाटलं. त्यानं ताडपत्रीचं एक टोक वर उचललं. मी आत शिरले. आम्ही चालू लागलो. ताडपत्री दोघांना पुरत नव्हती, आणि तो आपला खांदा बाहेर ठेवून चालत होता, हे मला दिसत होतं.

"बिअर बघायला आलेय," मी म्हटलं.

"बरोबर. दुसरं कशाला कोण येईल इतक्या लांब?"

तळघर थंडगार, स्वच्छ, पांढऱ्या चुन्याचं. पिंपं व्यवस्थित लाकडी घोडीवर आडवी, खाली पाचरी. त्याचं काहीच चुकत नव्हतं. चुकत होतं आमचं. ट्रक शुक्रवारी सकाळी यायचा, त्या दगडी रस्त्यावरून उड्या मारत. पिंपातला गाळ तळाला बसायला निदान दोन रात्री लागतात. आणि याची गर्दी तर शुक्रवारी संध्याकाळी! सग्डनबाई आदल्या आठवड्याचं पिंप शुक्रवारी वापरायच्या. क्लेम आल्यापासून लोक वाढले होते, आदल्या आठवड्याचं उरतच नव्हतं.

"माफ करा," मी म्हटलं.

"गोड आवाजात म्हणा."

मी त्याच्या ओल्या खांद्यावर चापट मारली. वरून मावशींची काठी आपटली. "क्लेम! त्या पोरीला वर आण. गारठून मरेल, आणि ब्रुअरी मला भरपाई मागेल!"

वर शेगडीपाशी मला मटणाची पाई आणि गरम चहा मिळाला. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आवाजावरून मला जाडी वाटली होतीस," त्या म्हणाल्या.

सोमवारी मी ट्रकवाल्यांच्या मुकादमाच्या मागे लागले. इझ्रा बूथ त्याचं नाव. "माळ शुक्रवारचा आहे, माझ्या बापाच्या वेळेपासून," तो म्हणाला. "आता बुधवारचा कर," मी म्हटलं. "का?" "गढूळ बिअर परत आली की चढवायला-उतरवायला तूच आहेस, म्हणून." तो डोकं खाजवत गेला. पुढच्या आठवड्यापासून माळ बुधवारचा झाला. क्लेमनं फोनवर नुसतं एवढंच सांगितलं — "ग्लासातून पलीकडची मावशी दिसते. नको तितकी स्पष्ट."

त्यानंतर शनिवारची बस माझी नेहमीचीच झाली. ‘मिस ॲक्रॉइड’ची थेल्मा झाली, ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. काउंटरमागे दोघांनी उभं राहायचं म्हणजे एकमेकांना वळसा घालूनच जावं लागायचं. जागा तेवढीच होती... आणि आम्ही ती वाढवली नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी हार्गिलच्या पणतूंनी ब्रुअरी विकली. घेणारी कंपनी मोठी होती, अर्ध्या देशात पब असलेली. तिला आमची विहीर नको होती, आमची बिअर नको होती, पब तेवढे हवे होते. तेही सगळे नाहीत. एका कोट घातलेल्या माणसानं आम्हाला जेवणघरात जमवून सरळ सांगितलं. बिअर आता एकाच ठिकाणी तयार होऊन धातूच्या पिंपांतून येईल. ऑर्डर खोली लीड्सला जाईल. माळावरचे पब परवडत नाहीत, ते सप्टेंबरअखेर बंद. इमारती विकताना अट घालणार — तिथे पुन्हा कधी दारू विकायची नाही.

"मिस ॲक्रॉइड," तो नंतर मला म्हणाला, "मुकादमाला तुम्ही कसं वळवलंत ते ऐकलं. लीड्सला आम्हाला खोलीप्रमुख हवी आहे. पगार जवळजवळ दीडपट."

आणि सोमवारी आम्हाला सगळ्या पबांना फोनवर ते सांगायचं होतं. ठरलेलं वाक्य होतं. मिस्टर ब्रूक पाठीमागे उभे होते. मी ‘फ्लीस’ शेवटी ठेवला होता, नेहमीसारखा.

"मिस्टर मिडग्ली," मी म्हटलं.

"थेल्मा? साहेब आलेत का?"

"कंपनीला कळवण्यास खेद होतो की..." मी वाक्य पूर्ण केलं. कसं केलं कुणास ठाऊक. मिस्टर ब्रूक खिडकीकडे वळून उभे राहिले. चांगला माणूस होता तो.

"कळलं," क्लेम म्हणाला. "तुला सांगावं लागलं... वाईट वाटतं गं."

वाईट त्याला वाटत होतं — माझ्यासाठी! मी फोन ठेवला आणि प्रसाधनगृहात जाऊन मनसोक्त रडले.

‘फ्लीस’ शेवटचा उघडला तो एका रविवारी दुपारी. मेंढपाळ कोट घालून आले होते. कुणी भाषण केलं नाही. सगळे नेहमीपेक्षा जरा जास्त प्याले, एवढंच. दोन वाजता क्लेमनं पंपाची दांडी सोडली आणि फडक्यानं हात पुसले.

मी ग्लास विसळत होते. मावशी काठी टेकत जवळ आल्या. "या मूर्खानं तुला सांगितलं का? ओल्डरॉइडांचा ‘प्लाऊ’ मिळत होता त्याला. नाही म्हणून आला."

ओल्डरॉइड म्हणजे डोंगरापलीकडची छोटी ब्रुअरी, अजून घरच्यांच्याच हातात असलेली. ‘प्लाऊ’ म्हणजे क्रॉसबेकच्या बाजारातला त्यांचा चांगला चालणारा पब. मी ओल्या हातांनीच अंगणात गेले. क्लेम रिकामी पिंपं रचत होता.

"का नाही म्हणालास?"

त्यानं पिंप खाली ठेवलं. "ते पब फक्त जोडप्याला देतात. लग्न झालेल्या. एकट्या माणसाला नाही."

"मग?"

"मग काय? तुला लीड्सला चांगली जागा मिळतेय. त्यातून मी येऊन म्हणणार, थेल्मा, मला पब मिळवायचाय, लग्न करतेस का? तुला काय वाटलं असतं... काउंटरमागे कुणीतरी हवंय म्हणून विचारतोय."

"म्हणजे मला न विचारताच माझा नकार तू त्यांना देऊन आलास!"

त्यानं दुसरं पिंप उचलायला घेतलं आणि तसंच सोडलं.

"मी हो म्हणाले असते तर?"

"म्हणाली असतीस?"

"विचारलं नाहीस. आता सांगणार नाही." माझा आवाज अजिबात गोड नव्हता. "आठवड्याला किती पिंपं जातात ‘प्लाऊ’ची?"

"काय?"

"पिंपं, क्लेम. आणि तळघर कसं आहे? वर राहायला खोल्या किती? मावशींना जिने चढायला लागतील का?"

त्याला तळघर सांगता आलं, बाकी काहीच विचारलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः ओल्डरॉइडांना फोन लावून गुरुवारची वेळ घेतली. त्यांनी जागा अजून दिलेली नव्हती.

टेबलापलीकडे तिघं होते — थोरले ओल्डरॉइड, त्यांचा मुलगा आणि हिशेबनीस. मी माझं काम सांगितलं, ट्रकची गोष्ट सांगितली. क्लेमनं तळघराबद्दल विचारलेल्या सगळ्याची उत्तरं दिली.

"आणि तुमचं दोघांचं लग्न...?" थोरल्यांनी विचारलं.

"नाताळच्या आधी," मी म्हटलं. क्लेमला ठसका लागला. "पण एक आहे. परवाना माझ्या नावावर हवा. दारावरच्या पाटीवर माझं नाव."

हिशेबनीसानं चष्मा काढला. "साधारणपणे नवऱ्याच्या नावावर असतो."

"ऑर्डर, हिशेब, माणसं मी सांभाळणार. तळघर आणि बिअर हे. नाव मागतेय ते कामाचं."

थोरल्यांनी क्लेमकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

"पाटीवर तिचंच नाव हवं," क्लेम म्हणाला. "पबमध्ये लोक माझ्यापेक्षा तिचंच ऐकतात. मीसुद्धा."

थोरले हसले. मुलगा आधी हसला होता, त्याला ते लपवता आलं नव्हतं. ‘प्लाऊ’ आम्हाला मिळाला. संध्याकाळी लीड्सच्या त्या माणसाला मी फोन करून नाही म्हणणार होते. आईला काय सांगायचं, ते मात्र अजून ठरत नव्हतं.

बाहेर झिमझिम चालू झाली होती. बसथांब्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. क्लेम टोपी हातात घेऊन उभा होता, डोक्यावर घालायची विसरला होता. पाऊस त्याच्या भुवयांवरून टपकत होता.

"थेल्मा..."

"हं?"

"मी अजून विचारलेलं नाही."

"मग विचार की."

"माझ्याशी लग्न करशील?" त्यानं एका दमात विचारलं. पबसाठी नाही, असंही पुढे म्हणणार होता बहुतेक, मी हात वर केला.

"अर्ध्या तासापूर्वी तिघांसमोर हो म्हटलंय मी. ऐकलं नाहीस?"

"ऐकलं," तो म्हणाला. "पण तेव्हा तू ओल्डरॉइडांकडे बघत होतीस."

बस वळणावर दिसायला लागली होती. मी त्याच्याकडे वळले, त्याच्या हातातली टोपी काढून त्याच्या डोक्यावर नीट बसवली, आणि त्याच्याकडे बघून ‘हो’ म्हटलं.