दुसरी सर्व्हिस

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, यात पदरचं मी काहीच घातलेलं नाही. युनफान माझी मावसबहीण. तिने सांगितलं तेवढंच लिहिते.

हार्बिन शहर. छोट्या नववर्षाचा दिवस, म्हणजे मोठ्या नववर्षाच्या आठवडाभर आधीचा सण. वेळ दुपारी साडेबारा.

हो, दुपारी.

बॉयलर कारखान्याच्या वसाहतीखाली बॉम्बपासून लपायला बांधलेलं जुनं तळघर आहे. आता तिथे टेबल टेनिसची सहा टेबलं आहेत. युनफानचा नवरा लुओ तिथे मुलांना शिकवायचा. विशीत असताना तो प्रांताच्या संघात दोन हंगाम बाकावर बसला होता. खेळला नव्हता, बसला होता. पण त्या बाकाचा तोरा पस्तिशीतही उतरला नव्हता.

तळघरात येणाऱ्या पेन्शनवाल्यांचा त्याला तिटकारा होता. सगळ्यात जास्त मियाओ वस्तादांचा.

मियाओ म्हणजे कारखान्यातले जुने वेल्डर, वय बहात्तर. त्यांच्या बॅटच्या एका बाजूला लांब दाण्यांचं रबर होतं. त्यावर चेंडू आदळला की तुमचीच फिरकी उलटी होऊन तुमच्या अंगावर यायची. शिवाय सर्व्हिस करताना ते पाय आपटायचे.

धप्.

त्या आवाजात चेंडूचा आवाज बुडायचा. तो कुठल्या रबराला लागला ते समोरच्याला कळायचंच नाही.

"खेळता येत नाही, म्हणून दुकानातून फसवणूक विकत आणतात," लुओ सगळ्यांसमोर म्हणायचा.

"आणतो बाबा," वस्ताद म्हणायचे. "तुझं वय मागितलं होतं, ते म्हणाले संपलं."

एका संध्याकाळी लुओने त्यांना टेबलावर बोलावलं. म्हाताऱ्यांची खोड कायमची मोडायची म्हणाला. आणि मोडली. वस्तादांची एकही सर्व्हिस चालली नाही. दहा–शून्य झाले.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. प्रत्येकाने आळीपाळीने दोन-दोन सर्व्हिस करायच्या, अकरा गुणांना डाव संपतो. पण दहा–शून्य झाले की आघाडीवरचा माणूस मुद्दाम एक गुण सोडतो. आपली सर्व्हिस असली तर चेंडू जाळीत घालतो. कोणालाही शून्यावर घरी पाठवत नाहीत. पाच वर्षांच्या पोरालाही हे माहीत असतं.

सर्व्हिस लुओचीच होती. सगळे खेळ थांबवून बघत होते.

त्याने चेंडू सणसणीत कोपऱ्यात मारला. अकरा–शून्य.

"एक तरी द्यायचास, पोरा," वस्ताद हळूच म्हणाले.

"कमवा, काका. इथे दानधर्म चालत नाही."

वस्तादांनी बॅट खिळ्याला टांगली. मफलर तिथेच विसरून ते घरी गेले, झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

लुओ ती बातमी ऐकून म्हणाला, "चला, एक टेबल मोकळं झालं."

युनफानने त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं नाही. हात आहेत, घे म्हणाली. माझी बहीण भित्री आहे, पण नवऱ्याची लायकी तिला नीट ठाऊक होती.

छोटं नववर्ष नेमकं वस्तादांच्या सातव्या दिवशी आलं. सातव्या दिवशी मेलेला एकदा परत फिरकतो म्हणतात. तळघराला सुट्टी होती. लुओ चेंडूंची पेटी आणायला निघाला, तेव्हा युनफान नको म्हणाली.

"येऊ दे म्हाताऱ्याला," तो हसला. "परत शून्यावर पाठवतो."

साडेबारापर्यंत तो आला नाही. फोनही उचलेना. आठ महिन्यांच्या मुलीला छातीशी बांधून युनफान तळघराच्या पायऱ्या उतरू लागली...

खालून आवाज येत होता.

टक... फस्.

टक... फस्.

एक बॅट नेहमीची. दुसरी... लांब दाण्यांची.

तिला वाटलं, कोणीतरी म्हातारा आलेला दिसतो.

मग आवाज आला... धप्.

ती दारात थांबली. लुओ शेवटच्या टेबलापाशी होता. घामाने चिंब, चेहरा पांढराफटक. समोर कोणीच नव्हतं. चेंडूही दिसत नव्हता. तिने खिळ्याकडे पाहिलं. मफलर होता.

बॅट नव्हती.

आणि छातीशी बांधलेली मुलगी मान हलवत होती. डावीकडे... उजवीकडे... डावीकडे...

टेबलाशेजारी गुणांची पाटी होती. पलीकडच्या बाजूला दहा. लुओच्या बाजूला शून्य.

शून्यावर हरलेला माणूस त्याच रात्री गेला होता. लुओलाही तेच आठवत असावं.

"वस्ताद," तो म्हणाला. हा शब्द त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला असेल. "एक द्या. एकच."



पलीकडे कोणीतरी नाकातून हसलं. कीव आल्यावर हसतात तसं.

धप्...

जाळी थरथरली. एक चेंडू टपकन खाली पडला आणि घरंगळत युनफानच्या बुटाशी येऊन थांबला.

पाटीवरचं शून्य उलटलं. एक.

तिने लुओची कॉलर धरली आणि त्याला ओढत वर नेलं.

लुओ जिवंत आहे. आता पार्सलं पोचवतो, बॅटला हात लावत नाही. एक गुण मिळाला म्हणजे सुटलो, असं तो म्हणतो. भीक मिळाली हे मात्र सांगत नाही.

पण युनफान परवा माझ्याकडे आली, ती वेगळाच हिशेब घेऊन. सर्व्हिस दोन असतात. वस्तादांनी त्यातली एक जाळीत घातली. दहा–एक म्हणजे डाव संपलेला नाही. पुढची सर्व्हिस अजून त्यांचीच आहे.

मी तिला वेड्यात काढणार होते.

तेवढ्यात तिच्या मांडीवरच्या मुलीने मान डावीकडे वळवली... आणि तिथेच थांबवली. नजर वर, चेंडू धरलेल्या कोणाच्या तरी हातावर असावी तशी.

आम्ही दोघी बघत राहिलो. तिने मान परत वळवलीच नाही.