पूर्णिमाची पोच

घोरपडीच्या रेल्वे फाटकापलीकडे ब्रेदरन या ख्रिस्ती मंडळीचं छोटंसं सभागृह आहे. पत्र्याचं छप्पर, सहा बाकं, आणि गाडी गेली की थरथरणाऱ्या खिडक्या. एके काळी इथे शेडमधले फिटर, गार्ड, पॉइंट्समन मिळून साठेक माणसं बसत. आता सात उरली होती, त्यातल्या तिघांना नीट ऐकू येत नव्हतं. तरी मंडळीला शंभर वर्षं होणार म्हणून इतिहास लिहायचं ठरलं आणि ते काम निवृत्त गार्ड श्रीधर साळवी यांच्या गळ्यात पडलं.

श्रीधरना त्या इतिहासात एकच गोष्ट हवी होती. बायकोचं नाव.

या मंडळीत पाळक नसतो. रविवारी सकाळी सगळे गप्प बसतात, ज्या पुरुषाला आतून वाटेल तो उठून प्रार्थना करतो, मग एकच भाकर आणि एकच प्याला हातोहात फिरतो. बायकांनी सभेत बोलायचं नाही. त्यांची बायको पूर्णिमा बोलली. मुलगा दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता, आणि ती त्या शांततेत उभी राहून मोठ्यांदा देवाकडे त्याला मागू लागली. मंडळीने तिला मेजावरून काढलं, म्हणजे भाकर आणि प्याला बंद केला. ठरावावर तीन सह्या होत्या, तिसरी श्रीधरची. पुढची अकरा वर्षं ती मागच्या बाकावर बसली आणि प्याला तिच्यापर्यंत कधी आला नाही. चार वर्षांपूर्वी ती तशीच गेली. श्रीधरना त्या सहीची लाज वाटे, आणि ती लाज बोलून दाखवायचीही लाज वाटे.

शनिवारी दुपारी त्यांनी सभागृहातलं कपाट उघडलं. रेल्वेच्या माणसाची बदली झाली की मंडळी त्याच्या हातात शिफारसपत्र देई, या बंधूला आपल्या मेजाशी घ्यावे म्हणून. तो दौंडला, मिरजेला पोचला की तिथली मंडळी पोस्टकार्डाने पोच पाठवी. जुने चिटणीस हिंमतराव यांनी हीच रीत मयतालाही लावली होती. शवपेटी बंद करण्याआधी मयताच्या हातात शिफारसपत्र. पूर्णिमाच्या हातात अर्थातच काही दिलं नव्हतं.

पोचांचे गठ्ठे सुतळीने बांधलेले होते. त्यातल्या एका गठ्ठ्यातल्या कार्डांवर गाव नव्हतं, टपालाचा शिक्का नव्हता.

'आपले बंधू दिगंबर पोचले. त्यांना मेजाशी बसवले.'

दिगंबर फिटरची बदली कधीच झाली नव्हती. श्रीधरनी दफनाची वही काढून तारखा ताडून पाहिल्या. प्रत्येक कार्ड मरणानंतरच्या पहिल्या रविवारचं होतं. हिंमतरावांचं अक्षर त्यांनी ओळखलं आणि त्यांना हायसं वाटलं. म्हाताऱ्याने मनाच्या समाधानासाठी लिहिलं असेल. मग खुद्द हिंमतरावांच्या नावाचं कार्ड निघालं. त्यानंतरची एकवीस निघाली. अक्षर तेच. शेवटचं बायडाबाईंचं होतं, याच फेब्रुवारीतलं.

रविवारच्या भाकरीची तयारी करायला हिंमतरावांची मुलगी हेमा आली, तेव्हा श्रीधरनी कार्ड पुढे केलं.

"हेमाताई, हे अक्षर कुणाचं?"

तिने चष्मा लावला. "बाबांचं." मग कार्ड पालथं ठेवलं. "कपाटाची चावी तुमच्याकडे असते. मला काय विचारता?"

"पूर्णिमाचं यात नाही."

"तिला पत्र दिलं होतंत का?"

श्रीधरनी दफनाची वही मिटली.

"मग पोच कशी येईल?" हेमा म्हणाली, आणि मेजावरचं कापड झटकू लागली.

त्यांनी तिथेच बसून पत्र लिहिलं. आमची भगिनी पूर्णिमा हिला आपल्या मेजाशी घ्यावे. खाली एकट्याची सही.

"अहो, पण जाणाऱ्याच्या हातात द्यायचं असतं ते," हेमा हळूच म्हणाली. "आता कसं द्याल?"

दुसऱ्या दिवशी सभा संपल्यावर ते दफनभूमीत गेले. चार वर्षांत माती दगड झाली होती. त्यांनी काठीने उकरलं, मग बोटांनी. नखं फुटली. माळी ओरडत आला, "आजोबा, हे काय चालवलंय?" आणि दंडाला धरून त्यांना फाटकापर्यंत सोडून गेला. पत्र सदऱ्याच्या खिशातच राहिलं. ते रडले, रस्त्यात, लोकांसमोर.

आठवडाभर तो सदरा त्यांनी धुवायला टाकला नाही, तोच घालत राहिले.

शनिवारी दुपारी सभागृहात कुणी नव्हतं. त्यांनी कपाट उघडलं.

गठ्ठ्यावर नवं कार्ड होतं.

'भगिनी पूर्णिमा' ही अक्षरं त्यांना आधी दिसली. त्यांनी कार्ड मेजावर ठेवून वाचायला घेतलं.

तारीख उद्याची होती.

त्यांनी घड्याळ पाहिलं. तीन वाजून वीस मिनिटं. भीती अशी वाटलीच नाही, कारण नजर पुढच्या ओळींवर गेली होती.

'पत्र घेऊन आलेले बंधू श्रीधर पोचले. त्यांना मेजाशी बसवले. पत्रात जिच्याविषयी लिहिले आहे ती भगिनी पूर्णिमा त्यांच्यासोबत नव्हती.'