फॅमिली क्वार्टर

तो कोऱ्या पानांच्या झेरॉक्स काढत होता.

खरंच. वागळे इस्टेटमधल्या त्या एवढ्याशा दुकानात माझ्यापुढे एक उंच माणूस उभा. हातात फौजेतलं डिस्चार्ज बुक. लिहिलेलं पान झालं की शेजारचं कोरं पानही मशीनवर ठेवायला लावत होता. प्रत्येकाच्या पाच प्रती. माझ्या हातात एकच कागद, आणि बाहेर श्रावणातला पाऊस... उन्हात पडणारा, छत्री उघडावी की नाही हेही कळू न देणारा.

“कोऱ्या पानावर काय आहे हो एवढं?” मी विचारलंच.

तो वळला. डोळ्यांत आधी संकोच, मग हसू. “काही नाही, मॅडम. पण जोडलं नाही तर साहेब विचारतात, मधलं पान कुणी फाडलं?”

“आता कोण साहेब विचारणार?”

“हां...” तो खरंच विचारात पडला. “आता कुणीच नाही. दोन महिने झाले रिटायर होऊन.”

पस्तिशीत रिटायर! मी तेहेतिशीची. डोंबिवलीतल्या नातेवाइकांनी मला स्थळं सुचवणं केव्हाच सोडलेलं, म्हणजे एका अर्थी मीही रिटायरच.

दहा मिनिटांनी तो शेजारच्या ऑफिसात माझ्याच टेबलासमोर येऊन बसला. परदेशी शिकायला जाणाऱ्यांचे अर्ज भरून देणं हे माझं काम. हितेश भोईर, राहणार बाळकुम. फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनात, सतरा वर्षं, नोकरीत असतानाच बाहेरून पदवी केलेली. आता ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठात दोन वर्षं खारफुटीचा अभ्यास करायचा होता. तिथे माजी सैनिकाला, मग तो कुठल्याही देशाचा असो, निम्मी फी माफ. फक्त स्वतःबद्दल दोन पानं लिहून द्यायची.

त्याने लिहून आणली होती. मुद्दा क्रमांक एक ते एकोणीस. सदर जवान अमुक साली भरती झाला, सदर जवानाने तमुक प्रशिक्षण घेतलं...

“यात तुम्ही कुठे आहात?”

“सगळीकडे मीच आहे, मॅडम.”

“नाही हो. हा कुणीतरी जवान आहे. मला सांगा, खारफुटीच का?”

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “आमच्या घरामागे खाडी आहे. आता टॉवरच्या मागे गेली... पण आहे. लेहला होतो ना, तिथे कशालाच वास नाही. बर्फाला वास नसतो, मॅडम. तेव्हा मला खाडीतल्या चिखलाचा वास आठवायचा. लोक नाक दाबतात त्याला. मी रडलेलो एकदा.”

माझी बोटं कीबोर्डवर थांबली.

“हे लिहा की!”

“रडलेलो, हे पण?”

“ते तर सगळ्यात आधी.”

मग दर शनिवारी तो येऊ लागला. परिच्छेदागणिक त्याच्या आईच्या हातची एक तांदळाची भाकरी. “आई विचारते, तुझी मॅडम जेवते की नुसती टाइपच करते?” तो सांगायचा.

“तुझी मॅडम?”

“आई म्हणते. मी नाही.” आणि कान लाल.

एकदा माजिवड्याला रिक्षाची वाट बघताना माझा चष्मा पावसाने धूसर झाला. त्याने खिशातून इस्त्री केलेला रुमाल काढला.

“धुऊन आणते,” मी म्हटलं.

“राहू द्या तुमच्याकडे. माझ्याकडे अजून अकरा आहेत.”

त्या संध्याकाळी मी बसने डोंबिवलीला निघाले. कळव्याचा पूल आला तशी सगळ्यांनी नाकाला पदर, रुमाल लावले. मी मात्र खिडकी उघडली आणि खोल श्वास घेतला. शेजारची बाई माझ्याकडे अशी बघायला लागली, की मला हसू आवरेना. खाली भरतीचं पाणी, त्यावर ढगाआडचं ऊन... आणि मला कळलं, आपलं काही खरं नाही. आमच्या कामात माणसं पाठवायची असतात. ठेवून घ्यायची सोय नसते.

पत्र आलं. प्रवेश पक्का, निम्मी फी माफ, फेब्रुवारीत जायचं. शुक्रवारी पाचच्या आत होकार कळवायचा होता. शेवटचा एक प्रश्न उरला होता. सहकुटुंब येणाऱ्या माजी सैनिकांसाठी तिथे छोटी घरं होती, तसं घर हवं का? हितेशने आधीच लिहून ठेवलं होतं: ‘हक्क नाही.’

शुक्रवारी तो समोर बसलेला, आणि मी स्क्रीनवर ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले.

“म्हणजे एकट्याची खोली.” माझा आवाज अगदी ऑफिसचा झाला होता. “पाठवते मग.”

“पाठवा.”

पण तो उठेना. मीही बटण दाबेना.

“मॅडम... फौजेत फॅमिली क्वार्टर मागायचं, तर आधी लग्न कागदावर चढावं लागतं. त्याच्याआधी मागणं म्हणजे खोटं बोलणं. म्हणून तसं लिहिलं. मनात नाही म्हणून नाही.”

मी स्क्रीनकडेच बघत म्हणाले, “इथे लग्न झालंय का, असं विचारलेलंच नाही. फेब्रुवारीत सोबत कोणी येणार आहे का, एवढंच विचारलंय.”

“ते मी कसं सांगू? तिला विचारल्याशिवाय?”

“मग विचारा की! सतरा वर्षं फौजेत काढलीत, आणि घाबरता?”

“तिथे एवढी भीती नव्हती हो.” तो हसला, मग हसायचा थांबला. “क्षिप्रा... याल?”

पाचला वीस मिनिटं कमी होती. नऊ वर्षांत मी चारशे जणांना विमानात बसवलं, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर—

“माझ्याकडे पासपोर्टच नाही!”

 मग दोघंही इतके हसलो, की पलीकडच्या टेबलावरून माना वळल्या. हसता हसता मी ते दोन शब्द खोडले, ‘दोघं येणार’ असं टाइप केलं आणि बटण दाबलं.

“चला,” तो उठला.

“कुठे?”

“पासपोर्ट ऑफिसला.”

“अहो, आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते!”

“मग नुसता रस्ता बघून येऊ. आमच्या फौजेत आधी रस्ता बघून ठेवतात.”

ते ऑफिस जवळच होतं. नऊ वर्षं मी लोकांना तिथला रस्ता सांगत आले होते, डावीकडच्या खड्ड्यासकट.

“दाखवा,” मी म्हटलं, आणि टेबलाखाली पायाने चपला शोधायला लागले.