काचेवर नसलेला डाग

रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करणं हे माझं काम. नऊ वर्षांत एक आकडा चुकला नाही आणि या महिन्यात तीन चुकले. डॉक्टरीणबाई थंडपणे म्हणाल्या, "अजून एक चूक झाली तर उद्यापासून येऊ नका."

चूक माझी नव्हतीच मुळी! मला संशय शेजारी बसून टाइप करणाऱ्या चष्मिषचा. कॉम्प्युटर आम्हा दोघांत एक, आणि माझ्या खुर्चीवर त्याचा डोळा.

कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. आल्ट धरून प्रिंट स्क्रीन दाबलं की समोरच्या विंडोचा फोटो निघतो. मी गुपचूप प्रत्येक रिपोर्टचा काढू लागले. चौथ्या दिवशी एका बाईंचं हिमोग्लोबिन अकराचं सात झालं. फोटोत मात्र अकराच. "सापडलास बेट्या," मी मनात म्हटलं.

पण आकड्याशेजारी अंगठ्याचा डाग होता. मधोमध तिरकी चीर, चिरेवर तीन बारीक आडव्या रेघा. मी काच पुसली. डाग तसाच. फोटो मोबाइलवर घेतला, तर तिथेही डाग.

"ताई, काचेवरचं कधी स्क्रीनशॉटमध्ये येतं होय?" चष्मिष हसला. मग त्याने नीट पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली. मी त्याचे अंगठे निरखले. गुळगुळीत होते. माझेही.

दुसऱ्या दिवशी जेवायला उठताना मी टर्मिनलमध्ये कमांड दिली: दहा मिनिटांनी आपोआप स्क्रीनशॉट. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या मुठीत, चष्मिष माझ्यासमोर जेवतोय. परत येऊन पाहिलं तर आकडा बदललेला. फोटोत तोच डाग, तीन रेघांसकट.

म्हणजे तो चष्मिष नव्हता. खोटं कशाला बोलू, मला तेव्हाच कळलं होतं. पण नोकरी माझी जात होती. डॉक्टरीणबाईंना मी पहिलाच फोटो दाखवला, डागाचा भाग कापून.

संध्याकाळी चष्मिषने खण रिकामा केला. दारात थांबून म्हणाला, "ताई, तुम्हाला ठाऊक होतं ना?"

मी पुढचा रिपोर्ट टाइप करायला घेतला.

आज सकाळी माझ्या हातात काचपट्टी फुटली. उजवा अंगठा तिरका चिरला.

बाईंनीच टाके घातले. मी तोंड फिरवून बसले होते.

"किती पडले?" मी विचारलं.

"तीन," त्या म्हणाल्या.